पिळाचा हिशोब

मराठी घरात ‘ड्रायर’ हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला शेजारचा छोटा डबा म्हणजे ड्रायर. ‘ड्रायरमधले कपडे काढ गं’ असं म्हटलं की ते ओलसर कपडे काढायचे, झटकायचे आणि दोरीवर टाकायचे, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे ज्याला आपण ड्रायर म्हणतो तो काहीच वाळवत नाही, तो फक्त पिळतो. नळ आणि वीज घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे या कामांना तीन वेगळी नावं आहेत: धुणं, पिळणं आणि वाळत घालणं. दुकानात गेल्यावर मात्र हे तिन्ही एकाच चकचकीत पाटीवर येतात. टॉप लोड मशीनवर ‘एअर ड्राय’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की शेवटी टब काही वेळ जास्त फिरेल आणि झाकणाच्या फटीतून हवा आत ओढली जाईल. कपडे दोरीवर टाकावे लागणारच.

मशीन घ्यायला गेलेलं माणूस बहुतेक प्रश्न धुण्याबद्दल विचारतं. कॉलर स्वच्छ होईल का, डाग जातील का, वाफेचा प्रोग्रॅम आहे का. खरं तर धुणं आता जवळजवळ सगळीच मशीन बऱ्यापैकी करतात. फरक पडतो तो पिळण्यात, आणि महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात घराला कुबट वास येणार की नाही हे तिथेच ठरतं. कपडा बरेच तास ओला राहिला की त्यातले जिवाणू वाढतात. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू या ओशट, आंबूस वासाला कारण म्हणून ओळखला जातो. वर सुगंधी द्रव ओतून हा वास जात नाही. कपडा लवकर कोरडा होणं हाच त्यावरचा उपाय, आणि लवकर कोरडं होण्याची निम्मी लढाई मशीनच्या आतच जिंकायची असते.

थोडा हिशोब करू. सुती कपडे हाताने कितीही जोर लावून पिळले, तरी त्यांच्या स्वतःच्या वजनाएवढं पाणी आत राहतंच. फ्रंट लोड मशीन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरलं तर कपड्यांच्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी उरतं, १००० ला ६० च्या आसपास, १२०० ला त्रेपन्न-चोपन्न आणि १४०० ला पन्नासच्या जवळ. म्हणजे ५ किलो कोरड्या कपड्यांत ८०० फेऱ्यांनंतर साडेतीन लिटर पाणी राहतं, १२०० नंतर पावणेतीनच्याही खाली. हे पाऊण-एक लिटर पाणी पुढे वाऱ्याला, पंख्याला किंवा विजेला काढावं लागतं. १२०० वरून १४०० वर गेल्याने मिळणारा फायदा त्यामानाने किरकोळ आहे आणि सुरकुत्या मात्र पक्क्या बसतात. आपल्याकडच्या घरासाठी १२०० पुरे. १४०० साठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण फेऱ्यांचा आकडा एकटा बघितला तर फसगत होते. पाणी बाहेर फेकलं जातं ते केंद्रापासून दूर ढकलणाऱ्या जोरामुळे. तो जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, पण त्याचबरोबर ड्रमच्या त्रिज्येनेही वाढतो. फ्रंट लोडचा ड्रम सुमारे ४८ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर १२०० फेऱ्यांना कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ३८० पट जोर पडतो. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळणाऱ्या डब्यावर १३०० फेऱ्या छापलेल्या असतात, पण त्याचा व्यास याच्या निम्मा. तिथे हा जोर २३० पटींच्या आतबाहेर राहतो, म्हणजे फ्रंट लोडच्या ९०० फेऱ्यांइतका. आणि टॉप लोड फुली ऑटोमॅटिक? टब मोठा, पण फेऱ्या जेमतेम ७००. जोर १४० पट. सेमी विकून हौसेने टॉप लोड घेतलेल्या घरांतून ‘नव्या मशीनमधून कपडे जास्त ओले निघतात’ ही तक्रार येते ती त्यामुळे. मशीन बिघडलेलं नसतं. ते तेवढंच पिळतं.

मशीन कोणतंही असो, पावसाळ्यात एक सवय फुकटात लावता येते. धुणं संपलं की फक्त पिळण्याचा प्रोग्रॅम आणखी एकदा लावायचा. दहाएक मिनिटांचं काम, वीज नगण्य. त्याआधी कपडे हाताने मोकळे करून पुन्हा पसरून टाकले तर आणखी बरं, कारण गुंडाळलेल्या चादरीच्या पोटातलं पाणी पहिल्या फेरीत सुटत नाही.

आता खरा ड्रायर. पाण्याची वाफ करायची तर एका लिटरला सुमारे ०.६५ ते ०.७ युनिट ऊर्जा लागते. हे कुठल्या कंपनीच्या हातात नाही, ते पाण्याच्या स्वभावातच आहे. ५ किलो कपड्यांतलं पावणेतीन लिटर पाणी उडवायला कागदावर पावणेदोन-दोन युनिट लागतील, आणि हवा, ड्रम, गळती धरून साध्या हीटरच्या ड्रायरला तीन किंवा थोडी जास्तच. तेच कपडे ७०० फेऱ्यांच्या टॉप लोडमधून आले असतील तर चारच्या दिशेने. टॉप लोडच्या जोडीला ड्रायर घेणं म्हणजे पिळण्यात वाचवलेले पैसे दर महिन्याच्या बिलात भरणं.

ड्रायर तीन तऱ्हेचे. पहिला बाहेर हवा सोडणारा, म्हणजे व्हेंटेड. तो खोलीतली हवा घेतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि जाड नळीने बाहेर फेकतो. इथे एक शंका हटकून येते: जुलैत मुंबईची हवा आधीच ओलीचिंब, ती काय वाळवणार? पण २८ अंशांची नव्वद टक्के दमट हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सतरा टक्क्यांवर येते. हवेत पाणी तेवढंच असतं, तिची तहान मात्र कित्येक पटींनी वाढलेली असते. म्हणून पावसाळ्यात पंखा हरतो आणि ड्रायर चालतो. अट एकच, ती नळी खरोखर बाहेर गेली पाहिजे. खिडकीची काच काढून तिथे भोक पाडलेली पत्र्याची किंवा ॲक्रिलिकची पट्टी बसवून घ्यावी. नळी शक्य तितकी लहान आणि सरळ ठेवावी, कारण प्रत्येक वळणावर तंतू साठतात आणि हवा अडते. नळी बाल्कनीतच मोकळी सोडली तर दोन लिटर वाफ भिंतींवर बसते आणि महिन्याभरात काळी बुरशी दिसते.

दुसरा कंडेन्सर. हा वाफ आतच थंड करून पाणी टाकीत साठवतो किंवा नळीने मोरीत सोडतो. बाहेर भोक नको, ही सोय. पण सगळी उष्णता खोलीत राहते. बंद खोलीत तो दोन तास चालला की मे महिन्याची आठवण येते.

तिसरा हीट पंपाचा. यात एसीसारखा कॉम्प्रेसर असतो. थंड बाजूला वाफेचं पाणी होतं, तिथे मिळालेली उष्णता गरम बाजूने पुन्हा हवेला दिली जाते. म्हणून ५ किलोला एक ते दीड युनिटात काम उरकतं, तापमान कमी राहतं आणि कपड्यांची झीजही कमी होते. महाग आहे, वेळ जास्त घेतो, आणि त्यातल्या बारीक धातूच्या पट्ट्या तंतूंनी बुजल्या की स्वच्छ करणं किचकट. वर्षाचे चार महिने आठवड्यातून चार-पाच वेळा वापर होणार असेल, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर हाच घ्यावा. वर्षाला वीस-पंचवीस वेळा लागणार असेल तर साधा व्हेंटेड बरा. त्या वापरात विजेच्या बचतीतून किमतीतला फरक भरून निघायला फार वर्षं लागतात.

राहिलं ते एकातच दोन्ही असलेलं वॉशर-ड्रायर मशीन. जागा कमी असलेल्या शहरी फ्लॅटवाल्यांना ते फार मोहात पाडतं. त्यावरचा ८/५ हा आकडा नीट वाचायचा: ८ किलो धुईल, ५ किलोच वाळवेल. म्हणजे मध्ये थांबून ३ किलो ओले कपडे बाहेर काढायचे किंवा मुळातच ५ किलो टाकायचे. त्यातही कपडे ठासून भरलेल्या ड्रममध्ये हवा फिरत नाही. बाहेरून गरम आणि आतून दमट असे चुरगळलेले गोळे निघतात. धुऊन वाळेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. आणि जी गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही ती ही, की यातली बरीच मशीन वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. माहितीपुस्तिकेत ‘वाळवताना नळ चालू ठेवा’ असं लिहिलेलं असेल तर ते मशीन कपडे वाळवण्यासाठीसुद्धा पाणी पिणार. पाणीकपातीच्या गावात हा विनोद परवडत नाही. शिवाय तंतू अडवायला स्वतंत्र जाळी नसेल तर ते आतल्या वाहिनीत चिकटतात, ओले होऊन लगदा होतो, आणि दीड-दोन वर्षांनी ‘हल्ली वाळतच नाही’ सुरू होतं. जागा खरोखरच नसेल तर घ्या, पण ५ किलोचा ड्रायर आणि अधूनमधून ८ किलो धुणारं मशीन समजून घ्या.

ड्रायर सगळ्यांना हवाच असंही नाही. सोलापूर, नगर, जालना इथे कपडे वाळण्याची अडचण वर्षातले मोजके दिवस येते. तिथे १२०० फेऱ्यांचं फ्रंट लोड आणि पंख्याखालची वलणी पुरते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, महाबळेश्वर, मुंबई-ठाण्याच्या खालच्या मजल्यावरचे आणि उजेड नसलेल्या चौकाकडचे फ्लॅट, ही ड्रायरची खरी गिऱ्हाइकं. त्यांच्यासाठीही एक मधली वाट आहे, डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र. दिवसाला २० लिटर क्षमतेचं यंत्र तीन-चारशे वॅट खातं. छोट्या खोलीत दारं-खिडक्या बंद करून, वलणीखाली ते आणि बाजूला एक पंखा ठेवला की रात्रभरात तीन-साडेतीन लिटर पाणी त्याच्या टाकीत येतं. कपाटातली गाद्या-पुस्तकंही त्याला दुवा देतात. खिडकी मात्र किंचितही उघडी राहता कामा नये, नाहीतर ते यंत्र अख्ख्या अरबी समुद्राची हवा वाळवत बसेल.

मशीन निवडताना दुकानाच्या आधी आपल्या नळाकडे बघावं. फ्रंट लोड आणि बऱ्याच टॉप लोड मशीनना पाण्याचा किमान दाब लागतो. पुस्तिकेत तो मेगापास्कलमध्ये किंवा बारमध्ये दिलेला असतो: ०.०३ मेगापास्कल म्हणजे ०.३ बार, म्हणजे नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत तीन मीटर उंची. काहींना पाच मीटर लागते. आता सर्वांत वरच्या मजल्याचा फ्लॅट घ्या. डोक्यावर स्लॅब, त्यावर टाकी, आणि नळ ते पाणी अंतर जेमतेम दोन मीटर. मशीनमधला पाण्याचा व्हॉल्व रबरी पडद्याचा असतो आणि तो पाण्याच्याच दाबाने उघडतो-मिटतो. वीज फक्त इशारा देते. दाब कमी पडला की तो अर्धवट उघडतो, ठरलेल्या वेळात पाणी भरत नाही आणि मशीन चूक दाखवून थांबतं. उलटही होतं. कमी दाबाने पडदा घट्ट बसत नाही आणि बंद मशीनमध्ये थेंब थेंब पाणी साचत राहतं. मेकॅनिक व्हॉल्व बदलतो, पैसे घेतो, महिन्याने पुन्हा तेच.

हे आधीच तपासायला उपकरण लागत नाही. मशीन जिथे बसणार त्याच नळाखाली १० लिटरची बादली लावा. मिनिटभरात भरली तर काळजी नको. तीन-चार मिनिटं लागली तर छोटा बूस्टर पंप बसवा, किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल पुस्तिका बघून निवडा. चालू मशीन एकाएकी हळू भरायला लागलं, तर आधी नळी काढून व्हॉल्वच्या तोंडाची बारीक जाळी बघा. टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात ती गाळाने हमखास भरते. जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांत साफ होते.

दुसरा प्रश्न वेळेचा. ज्या गावात पाणी दिवसाआड, तासभर येतं आणि वर टाकी नाही, तिथे फुली ऑटोमॅटिक म्हणजे डोक्याला ताप. त्याला दीड-दोन तास, मधूनमधून, स्वतःच्या मर्जीने पाणी हवं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. तसल्या टंचाईत सेमी-ऑटोमॅटिकसारखा दुसरा सोबती नाही. पिंपातलं पाणी बादलीने ओतता येतं. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढता येतात, आणि खळबळल्याचं पाणी संडासाला जातं. फ्रंट लोड एका धुण्याला पन्नास-साठ लिटर वापरतं, टॉप लोड त्याच्या दुप्पट किंवा जास्त. सेमीचा आकडा मात्र धुणाऱ्याच्या हातात असतो, काटकसरी हाताकडे ती सर्वांत कमी पाण्यात भागते. सेमीला कमीपणाची मानणारी मंडळी बहुधा चोवीस तास नळ असलेल्या इमारतींत राहतात.

तिसरी गोष्ट पाण्याची जात. मुंबईचं भातसा-वैतरणेचं पाणी, पुण्याचं खडकवासल्याचं पाणी मऊ. त्याच पुण्याच्या कडेला नव्या वसाहतीत टँकर आणि बोअर आलं की पाणी जड, म्हणजे क्षारांचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं आहे. ६०० चं पाणी पिऊन चालेल, मशीनच्या हीटरला नाही चालणार. ज्या पाण्यात तूरडाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ येते, ते पाणी जड समजावं. अर्ध्या बाटली पाण्यात अंगाच्या साबणाचा चुरा टाकून हलवा. फेसाऐवजी दह्यासारखे कण आले तर खात्रीच. पाणी जितकं तापवाल तितके क्षार हीटरवर जास्त बसतात, म्हणून अशा घरात रोजचं धुणं थंड किंवा ३० अंशांवर करावं आणि डाग असतील तेव्हाच ६० ला जावं. दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतात तेच, टाकून ६० अंशांचा सुती प्रोग्रॅम चालवावा. त्याच वेळी ब्लीच अजिबात नको, दोन्हींच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो.

मऊ पाण्याच्या घरांत रोग उलटा. तिथे पावडर जास्त पडते. फेस जास्त झाला की ड्रममध्ये कपडे आपटण्याऐवजी गादीवर पडल्यासारखे पडतात, धुणं कमी होतं, खळबळणं वाढतं, आणि फेसाने पिळण्याच्या वेळी अडथळा येतो. पाकिटावर दिलेल्या मापाच्या अर्ध्याने सुरुवात करावी. शेवटच्या खळबळीतही काचेवर फेस दिसत असेल तर आणखी कमी. बादलीत भिजवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकू नये. तिचा तोरा फेसाचाच असतो.

मशीन ठेवायची जागा नव्या इमारतीत ठरलेली असते, ड्राय बाल्कनी. हे नाव कोणी ठेवलं त्याला एकदा जुलैत तिथे उभं करायला हवं. तिरपा पाऊस थेट बटणांच्या पॅनलवर येतो आणि आतला सर्किट बोर्ड जातो. फ्रंट लोडची किंमत बघता त्या बाल्कनीच्या जाळीला सरकती काच लावून घेणं स्वस्त पडतं. प्लास्टिकचं कव्हर पुढून पाऊस अडवतं, पण आतला दमटपणाही कोंडून ठेवतं. वापरानंतर दोन-तीन तास ते काढूनच ठेवावं, आणि दार किंवा झाकण बोटभर उघडं. फ्रंट लोडच्या दाराच्या रबराची खालची घडी रोज फडक्याने पुसली तर काळे ठिपके पडत नाहीत. एकदा पडले की रबर बदलेपर्यंत सोबत करतात.

पाणी सोडायच्या नळीची गंमत वेगळी. सेमीची नळी आणि आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडची नळी मोरीत जमिनीवर टाकायची असते, कारण पाणी उताराने जातं. फ्रंट लोडमध्ये पंप असतो आणि त्याची नळी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवावी लागते. सवयीने ती मोरीत खाली टाकली की नळीच पाणी ओढून घेते. मशीन भरत राहतं, रिकामं होत राहतं, आणि घरातले म्हणतात नवीन मशीन पाणी फार खातं.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. फ्रंट लोडचा हीटर २००० वॅटच्या आसपास, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. ड्रायर २५०० वॅटचा असेल तर ११. दोघांना १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी हवेत, वायर तांब्याची आणि शक्यतो चार चौरस मिलिमीटरची. गीझरच्याच लाइनवर दोन्ही जोडले तर सकाळी सातला घर अंधारात. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात ओल्या हाताला झिणझिण्या आल्या तर ते मशीन त्याच क्षणी बंद करून आधी वायरमनला बोलवावं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच निमित्ताने बसवून घ्यावा.

क्षमतेबद्दल थोडक्यात. ७ किलो म्हणजे ७ किलो कोरडे सुती कपडे, आणि तेही सुती प्रोग्रॅमवर. सिंथेटिकला त्याच्या निम्मे, लोकरीला दीड-दोन किलो, पंधरा मिनिटांच्या झटपट प्रोग्रॅमला दोनेक किलो. जीन्स सहा-सातशे ग्रॅमची, मोठा टर्किश टॉवेल पाचशेचा, शर्ट दोन-अडीचशेचा. चौघांच्या घराला ७ किलो भरपूर. ड्रायर वर चढवायचा असेल तर खालचं मशीन ६० सेंटिमीटर रुंद, दोघांची खोली जुळणारी, आणि मधला जोडसंच त्याच मॉडेलचा हवा. नुसतं ठेवून भागत नाही, पिळताना वरचा सरकत सरकत कडेला येतो.

दहा वर्षांची हमी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते मोटरबद्दल. मोटर सहसा जातच नाही. जातो तो सर्किट बोर्ड, पाणी उपसणारा पंप, दाराचं कुलूप, आणि पाच-सहा वर्षांनी बेअरिंग. बेअरिंगचं दुखणं सीलपासून सुरू होतं. सील झिजलं की पाणी आत जातं, गंज धरतो, आणि पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. म्हणून दुकानात विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न: ड्रमभोवतीचा बाहेरचा टब स्क्रूने जोडलेला आहे की वितळवून चिकटवलेला? चिकटवलेला असेल तर पाचशे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो. उत्तर विक्रेत्याला येत नसतं. गल्लीतल्या मशीन दुरुस्त करणाऱ्याला येतं, आणि तो हेही सांगतो की तुमच्या तालुक्यात कुठल्या कंपनीचे सुटे भाग आठवड्यात मिळतात. ड्रमच्या मागे ॲल्युमिनियमचा तीन हातांचा आधार असतो. पावडरचा थर आणि क्षार त्यावर साठून तो खातात, म्हणूनही साबण कमी वापरावा. खालून मशीन उघडं असेल तर उंदराची जाळी पहिल्याच दिवशी बसवावी, वायरी कुरतडलेल्या मशीनला हमी लागू नसते. पंपाची जाळी महिन्याला उघडावी. नाणी, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, टिकल्या, सगळं तिथे भेटतं.

फ्रंट लोड घरी आलं की मागचे तीन-चार वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय चालू करू देऊ नका. ते ड्रमला घट्ट धरून ठेवतात. तसंच चालवलं तर मशीन स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत चालत येतं. काढलेले बोल्ट जपून ठेवा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना ते पुढच्या टेम्पोच्या वेळी लागतात, आणि तेव्हा बाजारात मिळत नाहीत.

ड्रायर आला म्हणून सगळंच त्यात जात नाही. पैठणी, जरीचं, लोकरीचं, रबरी छपाईचे टी-शर्ट बाहेरच. नवा सुती कुर्ता पहिल्या वेळी थोडा आटतोच. तेलाचे पंचे आणि फडकी मात्र धोक्याच्या यादीत: दिवाळीतल्या अभ्यंगाचे टॉवेल, बाळाच्या मालिशचे कपडे, तळणाची पुसणी. धुतल्यावरही तेल धाग्यांत उरतं, गरम घडी घालून ठेवल्यावर ते हवेशी संयोग पावत आणखी तापतं, आणि अशा गठ्ठ्यांनी पेट घेतल्यामुळेच उत्पादकांच्या पुस्तिकांत ही सूचना असते. तंतूंची जाळी प्रत्येक वेळी रिकामी करायची तेही आगीसाठीच. असे कपडे गरम पाण्यात जास्त साबणाने दोनदा धुऊन दोरीवर टाकावेत.

हळदीचंही तसंच. हळदीचा डाग साबणाच्या अल्कलीने आधी लाल होतो आणि बघणाऱ्याचा जीव जातो. हळदीतला रंग उन्हात विरतो, ड्रायरच्या उष्णतेत नाही. लग्नघरातला पांढरा सदरा ड्रायरमधून पिवळाच निघेल. तो ओला असतानाच भर दुपारी उलटसुलट करून दोन दिवस उन्हात ठेवावा लागतो.

आणि जुन्या लुगड्यांची गोधडी. कोरडी तीन किलोची, भिजली की आठ-नऊ किलोची, आणि पाणी सगळं एका बाजूला. फ्रंट लोड ती पिळायला दोन-तीनदा प्रयत्न करतं, तोल सापडत नाही म्हणून सोडून देतं आणि ठिबकती गोधडी तशीच पुढे ठेवतं. टॉप लोड तर धडधडत भिंतीला भिडतं. तिच्यासाठी एप्रिल, गच्ची, पाय तुडवायला दोन पोरं आणि कठड्यावर मोकळी जागा लागते.